ईनॉक अन्सवर्थचा खांदा

ईनॉक अन्सवर्थने उभ्या आयुष्यात नाव घ्यावी अशी एकही कुस्ती जिंकली नाही. तरी विगनच्या आसपासच्या खाणगावांत त्याला जो मान होता तो भल्याभल्या पैलवानांना नव्हता, आणि हा मान त्याने नुसता हरून मिळवला होता. हे ऐकून बाहेरच्या माणसाला हसू येईल. आमच्याकडे कुणी हसत नसे.

'कोल्हा आणि कोंबडी' या दारूच्या गुत्त्यामागे पत्र्याची एक शेड होती. आत नारळाच्या काथ्याची चटई, तिच्यावर ताणून बसवलेलं किंतान, कोपऱ्यात कोळशाची शेगडी आणि दाराशी पाण्याचं पिंप. न्हाणीघर म्हणाल तर ते पिंप हेच. जेथ्रो पिलिंग तिथला वस्ताद. बुटका, टकला, तोंडात कायम विझलेला पाइप. 'शाब्बास' हा शब्द त्याच्या तोंडून कुणी ऐकला नव्हता, त्याच्या बायकोनेसुद्धा. पाठ टेकवून जिंकण्याचं त्याला फारसं कौतुक नसे. म्हणायचा, "पाठ टेकली की नाही ते सांगायला पंच लागतो. पकड बसली की पंच घरी जाऊ दे, खालचा गडीच सांगतो."

खालचा गडी सांगायचा तो चटईवर हात आपटून. हात आपटला की संपलं, पकड त्याच क्षणी सुटायची. नाही आपटला तर सुटायची नाही. बाप मेला तरी नाही. या एका नियमावर शेड चालायची.

आणि शेडमध्ये सगळ्यांत खरा हात आपटायचा तो ईनॉक. पोरसवदा होता तेव्हापासून पिलिंगने त्याला पकडींखाली घातलं होतं. नव्या पोरांना पकड शिकायला कुणाचं तरी अंग लागतं, ते ईनॉकचं. खांदा, कोपर, घोटा, मान, जे मागाल ते. पकड सैल असेल तर तो छताकडे बघत पडून राहायचा. वर बसलेल्या पोराची दमछाक व्हायची आणि हा खालून निवांत सांगायचा, "कोपर आत घे. माझ्या खांद्याला वारा लागतोय." पकड बसली की त्याच क्षणी हात आपटायचा, ना आधी ना नंतर. उगाच दया नाही, उगाच फुशारकी नाही. खाणीच्या तोंडाशी कोळशाच्या गाड्या वजन करायला कामगार आपला विश्वासाचा माणूस निवडून बसवतात, तसा तो शेडचा काटा होता. पिलिंग ज्याला बाहेरच्या कुस्त्यांना पाठवायचा, त्याने आधी ईनॉककडून हात आपटून घेतलेला असे. ईनॉकचा हात आपटला म्हणजे पकड खरी. पिलिंगही मग दुसऱ्यांदा बघत नसे.

त्या अंगावर शिकून माणसं बेल्जियमला गेली, कॅनडाला गेली, फरचे कोट घालून परत आली. ईनॉक मात्र सोमवारी पहाटे पुन्हा खाणीत. बुटक्या थरात दिवसभर गुडघ्यांवर बसून कोळसा फोडायचा, संध्याकाळी शेकोटीपुढच्या पत्र्याच्या टबात पाठ सोडून बाकीचं अंग धुवायचा. पाठ धुतली की कंबर कमजोर होते यावर त्याची श्रद्धा होती. त्याच्या बायकोला, ॲडाला, ते मुळीच पटत नसे.

"चादरी कोण धुतं?" ती म्हणायची.

"तू."

"मग तुझी पाठ का नको?"

हा संवाद दर शनिवारी व्हायचा आणि ईनॉक दर शनिवारी जिंकायचा. घराबाहेर त्याला जिंकता येत नव्हतं, घरात तरी येऊ दे असं ॲडा म्हणत असावी.

एका हिवाळ्यात खांदा फार आखडला म्हणून तिने भट्टीतली वीट फ्लॅनेलमध्ये गुंडाळून त्याच्या उजव्या खांद्यावर ठेवली आणि शेजारणीकडे गेली. परत आली तर घरात करपलेल्या लोकरीचा वास. ईनॉक खुर्चीत बसून कबुतरांच्या शर्यतीचा निकाल वाचत होता. फ्लॅनेल काळं पडलं होतं. तिने वीट उचलली तर खालची कातडी सोलून आली.

"अरे देवा! ईनॉक, तू माणूस आहेस की लाकूड?"

ईनॉकने मान वळवून खांद्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"दुखत नाही," तो म्हणाला.

"दुखत नाही कसं? मांस दिसतंय!"

"नाही ना दुखत."

ॲडाने त्याला ओढत डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरने डोळे मिटायला लावून सुई टोचली. ईनॉकला काही कळलं नाही. मानेला वर्षानुवर्षं पीळ बसून आतली नस गेली आहे, डॉक्टर म्हणाला. हात चालेल, जोर राहील, पण खांद्यापासून खाली दुखणं असं कळणार नाही. "आणि जपा," तो म्हणाला, "ज्या सांध्याला दुखत नाही तो आतून कुजतो."

घरी येताना ॲडा म्हणाली, "आता पिलिंगला सांगून टाक."

"काय सांगू?"

"हेच. की तुला कळत नाही म्हणून."

ईनॉक रस्त्यातच थांबला. "ॲडा, मला दुसरं काय येतं? खाणीत माझ्यासारखे ढीगभर आहेत. शेडमध्ये मी एकटा आहे."

ती गप्प बसली. तिचं चुकलंच ते. पण नवऱ्याकडे असलेली एकुलती एक गोष्ट काढून घ्यायला कुठली बायको धजते?

तर ईनॉक पुन्हा चटईवर जाऊन पडला, आणि लबाडी शिकला. लबाडी म्हणजे तरी काय, डोळे आणि कान. वरच्या गड्याचं कोपर कुठे आहे ते बघायचं. त्याचा श्वास कधी रोखला जातो ते ऐकायचं. इतकी वर्षं पकडींखाली काढलेली, त्यामुळे अंदाज बांधता यायचा. वाटलं की आता बसली असेल, आपटायचा हात. कुणालाही संशय आला नाही. येणार कसा, शेडमध्ये ईनॉकवर संशय घ्यायची रीतच नव्हती.

त्याच काळात क्लेम रॅटक्लिफ तयार झाला. लालबुंद केसांचा, बैलासारखा, तोंडाने फटकळ. त्याने ईनॉकवर दुहेरी मनगटाची पकड घातली. या पकडीत एका हाताने समोरच्याचं मनगट धरायचं, दुसरा हात त्याच्या दंडाखालून घालून आपलंच मनगट पकडायचं आणि मग त्याचा हात पाठीमागे पिळत न्यायचा. ईनॉकने बघितलं, ऐकलं, हात आपटला. पिलिंगने क्लेमला बेलफास्टला पाठवलं.

बेलफास्टला क्लेमने तीच पकड घातली, अंग टाकलं आणि खालच्या गड्याने हात आपटायची वाट बघत बसला. खालचा गडी हसला. सरळ निसटला, फिरला आणि क्लेमचा पाय काखेत घेऊन पिळला. हाताची पकड आधी सांगून येते, पायाची येत नाही. पायात दुखायला लागलं की समजायचं, उशीर झालाय. क्लेम कुबडी घेऊन परत आला. पिलिंगने त्याला शेडची शेगडी पेटवायचं काम दिलं. गावात सगळे म्हणाले, ऐन वेळी क्लेमने कच खाल्ली. क्लेमही तेच म्हणायला लागला. दारू प्यायला की जास्तच म्हणायचा.

ईनॉकने ऐकलं आणि मूग गिळून बसला. क्लेमची पकड मुळात सैल होती की क्लेमने खरंच कच खाल्ली, हे त्याला ठाऊक नव्हतं. ठाऊक नव्हतं हाच तर सगळा घोळ होता. त्या दिवसापासून तो शेडमध्ये शेगडीकडे पाठ करून बसायला लागला.

आणि मग नॉरिसची पाळी आली.

नॉरिस ईनॉकचा एकुलता एक मुलगा. खाणीच्या तोंडाशी पट्ट्यावरून जाणाऱ्या कोळशातून दगड वेचायचं काम करायचा, म्हाताऱ्यांबरोबर आणि लंगड्यांबरोबर. आता तो वयात आला होता आणि त्याला खाली पाठवायचं ठरलं होतं. ईनॉकचा भाऊ खालीच राहिला होता, कोसळलेल्या छताखाली. त्याला बाहेर काढायला लागलेला वेळ ईनॉक कधी सांगत नसे, पण नॉरिस खाली जाणार म्हटल्यावर त्याचं जेवण सुटलं.

त्याच सुमारास कॅनडाला जाणाऱ्या कुस्तीच्या एका मंडळीने पिलिंगकडे एक माणूस मागितला. जहाज गुरुवारी सुटणार होतं. पिलिंग म्हणाला, "अन्सवर्थच्या पोराला बघू. रविवारी. नेहमीच्या रीतीने."

नेहमीच्या रीतीने म्हणजे ईनॉकवर.

त्या आठवड्यात स्वयंपाकघरातल्या चिंध्यांच्या गालिच्यावर बापलेकांनी रोज सराव केला. ॲडा खुर्च्या भिंतीला लावून चरबी लावलेला पाव कापत बसायची.

"बसली का, बाबा?" नॉरिस विचारायचा.

ईनॉक पोराच्या कोपराकडे बघायचा. "जरा अजून आत."

"आता?"

"आता बसली."

"नक्की? दुखलं?"

"दुखलं तर काय रडून दाखवू? बसली म्हटलं ना."

पोरगा खूश होऊन पाव खायचा आणि ॲडा नवऱ्याकडे बघायची. एका रात्री अंथरुणात ती म्हणाली, "त्याला तरी सांग."

"सांगितलं तर पिलिंग त्याला दुसऱ्या कुणावर बघेल. दुसरा कोण आहे? शिंक आली तरी हात आपटणारे आहेत तिथे, आणि हात तुटला तरी न आपटणारे आहेत. पिलिंगला कुणाचंच पटणार नाही आणि जहाज जाईल."

"आणि तू काय करणार?"

"बघेन. मला बघून कळतं."

"क्लेमचं कळलं होतं?"

ईनॉकने कूस बदलली.

रविवारी शेड गच्च भरली होती. ईनॉक शर्ट काढून चटईवर आला. त्याला वाटलं होतं, नेहमीसारखंच होईल. तेवढ्यात पिलिंगने खांद्यावरचा टॉवेल काढला आणि त्याच्या तोंडावर टाकला.

"हे काय?" ईनॉक म्हणाला.

"बाप आणि लेक," पिलिंग म्हणाला. "माझ्या वस्तादापासूनची रीत आहे. घरचे दोघं असले की खालच्याचं तोंड झाकायचं. डोळ्यांनी खुणा झाल्या असं कुणी म्हणायला नको. तुझ्यावर संशय नाही रे, ईनॉक. पण पोराच्या नावाला बट्टा नको."

मागच्या टोकाला गाढवासारखं खिदळणाऱ्यांची एक रांग होती. तिथून कुणीतरी ओरडलं, "टॉवेल धुतलेला आहे का, वस्ताद?" सगळे हसले. शेगडीशी क्लेमही हसला.

ईनॉक टॉवेलखाली उताणा पडला. रीत त्याला माहीत होती, पण शेडमध्ये बाप आणि लेक अशी जोडी त्याच्या आठवणीत कधी आलीच नव्हती. तो तेव्हाच उठून बसू शकला असता. 'वस्ताद, मला काही कळत नाही' इतकं म्हणायला किती वेळ लागतो? पण इतकी माणसं आणि तो पोरगा. तो म्हणाला नाही.

नॉरिसचा गुडघा त्याच्या बरगडीत रुतला. ते कळलं. मग उजवा हात उचलला गेला एवढं कळलं, आणि त्यापुढे काहीच नाही. टॉवेलला घामाचा आणि घोड्याला चोळायच्या तेलाचा वास होता. श्वास ऐकावा तर भोवतीची माणसं कुजबुजत होती.

'आता आपटू?' त्याने स्वतःला विचारलं. आपटला तर पोरगा गुरुवारी जहाजात बसेल. आणि पकड सैल असेल तर? कॅनडातही कुणीतरी हसेल, फिरेल आणि पोराचा पाय काखेत घेईल. नॉरिस कुबडी घेऊन परत येईल आणि कुठल्यातरी शेगडीत कोळसा घालत बसेल. नाही आपटला तर खाली. खाली त्याचा भाऊ होता.

थोडं थांबू, त्याला वाटलं. थोडंसं तरी दुखेल. इतकी वर्षं दुखलं, पोरासाठी एकदा दुखायला काय हरकत आहे? तो मनापासून दुखण्याची वाट बघत राहिला. अशी वाट त्याने ॲडाचीसुद्धा बघितली नव्हती.

वरून नॉरिस दबक्या आवाजात म्हणाला, "बाबा, आपट."

ते बोलायला मनाई होती. ईनॉकने दात आवळले. पोरगा घाबरलाय म्हणजे पकड बसली नाही, असं त्याला वाटलं.

"बाबा!"

मग आवाज झाला. ओली फांदी मोडावी तसा. ईनॉकला वाटलं, शेगडीत काहीतरी फुटलं. कुणीतरी शिवी हासडली, अंगावरचं वजन उठलं, आणि टॉवेल निघाला तेव्हा पहिल्यांदा त्याला दिसला तो नॉरिसचा चेहरा, पांढराफटक. मग स्वतःचा हात दिसला. तो भलत्याच बाजूला पडला होता.

पिलिंग गुडघ्यावर बसला. खांद्याभोवती बोटं फिरवली, जरा दाबलं, मग जोरात दाबलं. ईनॉक त्याच्याकडे बघत होता. तोंडावर एक रेष हलली नाही. तीच चूक झाली. एवढा मोडलेला खांदा दाबल्यावर माणूस किंचाळतो, आणि पिलिंगने आयुष्यभर दुसरं काही पाहिलं नव्हतं.

"केव्हापासून?" पिलिंगने विचारलं.

ईनॉक छताकडे बघायला लागला.

"तुलाच विचारतोय, ईनॉक. केव्हापासून कळत नाही?"

"झाले दोन हिवाळे."

पिलिंगने पाइप तोंडातून काढला आणि खाली ठेवला. त्याला काय आठवलं ते सगळ्यांनाच आठवलं असावं, कारण एकेक मान शेगडीकडे वळली. क्लेम कुबडी टेकत आला. ओरडला नाही. फटकळ माणूस न ओरडता बोलला की ऐकवत नाही.

"मग माझी पकड बसली होती का नव्हती?"

"माहीत नाही, क्लेम."

"तू हात आपटला होतास."

"हो."

"मी वर्षभर घरी बायकोला सांगतोय, की मी कच खाल्ली. ती मला रोज सांगते, नाही खाल्ली. आणि मी तिच्यावर खेकसतो." तो थांबला. "थुंकतो मी तुझ्यावर, ईनॉक." पण थुंकला नाही. नुसता कुबडी टेकत बाहेर गेला. त्यानंतर शेडची शेगडी दुसऱ्या कुणीतरी पेटवायला लागलं.

नॉरिस अजून चटईवर गुडघ्यांवर होता. "मिस्टर पिलिंग, मी वाट बघत होतो. त्याने आपटलाच नाही. मी काय करणार?"

"तू रीतीने वागलास," पिलिंग म्हणाला.

"मग मी पास झालो?"

"नाही."

"अहो, हात मोडला त्याचा!"

"मोडायला काय, कसाईही मोडतो. डॉक्टर काय म्हणेल ते मी तुला आत्ताच सांगतो. हा खांदा कुजलेला होता. गुत्त्यातल्या पोरीनेही मोडला असता. माणूस आपणहून हात आपटतो ती पकड. तुझ्या पकडीवर कुणी हात आपटला? कुणीच नाही." मग जरा नरम आवाजात, म्हणजे त्याच्या मानाने नरम, तो म्हणाला, "तीन महिन्यांनी ये. माझ्यावर घाल. मी अजून मेलेलो नाही."

जहाज गुरुवारी गेलं. वॉरिंग्टनचा कुणीतरी त्यात बसला.

तीन महिन्यांनी नॉरिस गेला. पिलिंग स्वतः चटईवर पडला, ही केवढी मोठी गोष्ट होती ते आमच्याकडे सगळ्यांना कळत होतं. नॉरिसने मनगट धरलं, हात खालून घातला, पिळायला लागला आणि अर्ध्यावर थांबला. पिलिंग खालून खेकसला, "ने पुढे!" नॉरिसचे हात पुढे जाईनात. पुन्हा केलं, पुन्हा तिथेच. पिलिंग उठला, किंतानावरची धूळ झटकली आणि पाइप तोंडात घातला. नॉरिसने बूट घातले आणि पुढच्या सोमवारी तो दोराला टांगलेल्या लोखंडी पाळण्यात उभा राहून खाणीत उतरला.

ईनॉकचा हात बरा झाला नाही, तो नुसता लोंबत राहिला. खाणीने त्याला दिवेघरात बसवलं. पहाटे पाळीवर जाणाऱ्या माणसाने पितळी बिल्ला द्यायचा आणि खिडकीतून दिवा घ्यायचा, एवढंच काम, एका हाताने होण्यासारखं. माणसं त्याच्याशी नीट बोलायची, नीट म्हणजे लांबून. शेडमध्ये तो पुन्हा गेला नाही. गुत्त्यातही बसायचा तर दाराजवळ. कधीमधी एखादा नवखा विचारायचा, शेडमध्ये काटा म्हणायचे तो हाच का? तेव्हा बाकीचे विषय बदलायचे. ॲडा त्याची दाढी करायची, शर्टात हात घालून द्यायची आणि आता पाठही धुवायची. तो काही म्हणायचा नाही. त्याच्याशी भांडायला मिळत नाही म्हणून ती कधीकधी टबाशीच रडायची.

बापलेक एकाच घरात राहत. मीठ दे, दार लाव, इतकं बोलत. त्या रविवारचं एक अक्षर कधी निघालं नाही. पण ईनॉकच्या मनात दुसरं काही नव्हतंच. पोराने त्याच्या जन्मात एकच गोष्ट बापाकडे मागितली होती. पैसे नाहीत, माया नाही. बसली की नाही एवढंच. आणि नेमकं तेवढंच बापाला देता आलं नाही.

काही वर्षं गेली. नॉरिसचं लग्न झालं, तो वेगळा राहायला लागला, खोकायला लागला. रोज पहाटे मात्र रांगेत यायचा, बिल्ला द्यायचा, दिवा घ्यायचा. एका सकाळी ईनॉकने दिवा पुढे केला आणि सोडला नाही. नॉरिसने ओढला. ईनॉकने धरून ठेवला. जोर अजून होता त्या डाव्या हातात.

"तुझी पकड बसली होती रे, पोरा," तो म्हणाला.

मागच्या रांगेतली माणसं ऐकत होती आणि ऐकत नसल्यासारखं करत होती. नॉरिसने बापाकडे पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर ईनॉकला बरं वाटलं असतं.

"तुला काय कळणार, बाबा?" तो म्हणाला.

ईनॉकने दिवा सोडला. नॉरिसने वात पाहिली, झाकण घट्ट केलं आणि तो पाळण्याकडे निघून गेला, आणि पुढच्या माणसाने खिडकीत बिल्ला ठेवला.